हात मागे

बॅटन पुढे धरून ती चौकोनात आली, आणि याही खेपेला ती घ्यायला कुणी हात पुढे केला नाही.

चुन्याने आखलेल्या चौकोनात टीमच्या मुली ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांचे हात मागे. ओळीत पहिली कॅप्टन. तिने आभाळाकडे बघितलं. तिच्या शेजारणीने स्वतःच्या बुटाच्या नाडीकडे. ती आली तशी त्यांच्या समोरून गेली आणि पुढच्या फेरीला लागली.

तिला सगळ्या काडी म्हणत. आधी पायांवरून, आणि अलीकडे दुसऱ्याच कारणाने.

"बघा, याला म्हणतात जिद्द," मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून सर माइकवर म्हणाले. "स्वतःची फेरी कधीच संपली, पण ही मुलगी बॅटन सोडायला तयार नाही." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथून धावणारी मुलगी दिसत होती, पुढे न आलेले हात दिसत नव्हते.

नियम साधा होता. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कुणीतरी बॅटन घेऊन पळत राहायचं. एक फेरी झाली की पुढचीच्या हातात द्यायची. मावळेपर्यंत बॅटन पळत राहिली तर मोठ्या स्पर्धेला जायचा सगळ्या टीमचा खर्च बाजारातले व्यापारी उचलणार होते. मध्येच थांबली, की संपलं. म्हणजे काडीला थांबायची सोय नव्हती. थांबली असती तर टीम तिनेच बुडवली असं झालं असतं.

एकदा तिच्यावर तसा ठपका आलाच होता. निवडीच्या शर्यतीत कॅप्टनने बागेतून आडवाट काढून अख्खा वळसा वाचवला. सरांनी विचारलं, कुणी पाहिलं का? सगळ्यांनी पाहिलं होतं. बोलली एकटी काडी. कॅप्टनची स्पर्धेतली जागा गेली.

कॅप्टनची आई पाण्याच्या टेबलाशी उभी होती. सकाळपासून ती एकेकीला नावाने हाक मारून पेला देत होती. काडी समोरून गेली की तिला नेमकं पिंप पुसायचं आठवायचं. त्या मुलीचा तिला राग होता, आणि तो रास्त आहे याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. आपली पोर आठवडाभर उशीत तोंड खुपसून रडलेली तिने पाहिली होती. एवढं कारण कुठल्याही आईला पुरतं.

"मिरवतेय," असं ती आधी मनात म्हणाली. मग काडी पुन्हा जवळून गेली. तोंड उघडं, ओठ पांढरे, एक खांदा खाली गेलेला. ही मुलगी पळत नव्हती, फक्त पडायची राहिली होती. आईने तिच्या पुढे बघितलं, चौकोनाकडे, आणि तिला ते मागे बांधलेले हात दिसले.

लेक लहान असताना काचेच्या सामानाच्या दुकानात शिरण्याआधी आईनेच तिला शिकवलं होतं: हात मागे बांधायचे, कशाला लावायचे नाहीत. लेक अगदी तश्शी उभी होती. एक वेणी सुटत आली होती.

आई टेबल सोडून तिच्याकडे गेली. "हात पुढे का करत नाहीस गं?"

"तूच म्हणालीस."

"मी?"

"जेवायला बसलो होतो तेव्हा. तिच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही म्हणालीस." लेक समोर बघत राहिली. "मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं."

मागून एक जण खुसखुसली. "काकू, तुम्ही बसा निवांत. पडेलच ती आता."

म्हणाली होती आई. रागाच्या भरात, वाढता वाढता, पोरीचे डोळे पुसले जावेत म्हणून. सकाळपर्यंत ती ते विसरूनही गेली होती. लेकीने मात्र ते वाक्य डब्यासारखं शाळेत नेलं होतं आणि मैत्रिणींत वाटून खाल्लं होतं.

काडी वळणावर दिसली. आई चपला काढून चौकोनात शिरली आणि तिने हात पुढे केला.

काडीला बॅटन सोडता येईना. बोटं आखडली होती. झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढावा तशी आईने ती एकेक करून उघडली, आणि पळत सुटली.

"आता तर पालकही मैदानात," सर माइकवर म्हणाले. हशा पिकला. आईला तो अर्ध्या फेरीपर्यंत ऐकू आला, नंतर नुसता स्वतःचा श्वास. कुशीत कळ आली. तळपायाला खडे टोचत होते. लेक घेईल, एवढाच विचार डोक्यात होता. माझ्याकडून घेईल.

ती चौकोनात आली तेव्हा लेक पहिलीच होती.

"घे," आई म्हणाली.

लेकीचे हात सुटले नाहीत. "तू तिच्याकडून घेतलीस," ती म्हणाली.

थांबून समजूत काढायची सोय नव्हती. आई बॅटन पुढे धरून शेजारणीसमोर आली. मग तिच्या पुढच्या मुलीसमोर. एकीने नाडीकडे बघितलं, एकीने आभाळाकडे. ओळ संपली.

ओळीपलीकडे, चुन्याच्या रेघेला लागून, काडी गवतावरून उठत होती. गुडघे धड सरळ होत नव्हते. तशातच तिने हात पुढे केला.

"द्या काकू," ती म्हणाली. "तुम्हाला याची सवय नाही."