दिवा लागल्यावर पन्नास

जीप सुरू झाली, पण डिझेलचा केशरी दिवा काही विझेना. नागेंद्रने स्टेअरिंगवर हात आपटला.

“बघितलीस ह्याची करणी? पाच लिटर टाक म्हणून सांगितलंतं. थेंब टाकला न्हाय!”

हा म्हणजे सायराज, नागेंद्रचा भाचा. काल सगळे बेळगावजवळच्या कडोलीहून जोतिबाला आले आणि मुक्कामाला शियेला, बहीण जयाबाईकडे उतरले. गावात शिरताना दिवा नुकताच लागला होता. संध्याकाळी सायराजने लांबच्या माळावरून गवत आणायला जीप मागितली. बदल्यात त्याने पाच लिटर डिझेल टाकायचं, एवढं साधं बोलणं झालं होतं.

सायराज सकाळीच रानात गेला होता. नागेंद्रने जयाबाईच्या दारातूनच फोन लावला.

“मामा, आईशप्पत टाकलंय. दिवा विझल्यालाबी बघितलाय मी.”

“मग माझं डोळं फुटल्यात व्हय रं? खोटारडा कुठला!”

फोन बंद केला तरी तोंड सुरूच होतं. राग येण्यासारखंच होतं म्हणा. बारा वाजता निपाणीत त्याच्या लेकीची, नीलमची सुपारी फुटायची होती. स्थळ असं की भावकी तोंडात बोट घालील. मुलाचे चुलते मात्र वेळेचे भलते कडक. बाराचे सव्वाबारा झाले तर आम्ही पाटावरून उठतो, आमच्याकडं दुसरी मुलगी सांगून आलेलीच आहे, असं त्यांनी बजावलं होतं.

नीलम मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. बेळगावातल्या एका दवाखान्यात ती दोन वर्षं नर्स होती. लग्नानंतर नोकरी सोडायची, ही त्या चुलत्यांची पहिली अट. काल रात्री गोठ्याजवळ ती रडत होती, तेव्हा आजीनेच तिला दटावलं होतं. “रडू नगंस. उद्या साडी नेस आन् गप गाडीत बस.”

आजी, म्हणजे मालुबाई, तिच्या शेजारीच होती. दोन पायांच्या मध्ये दुधाची पाच लिटरची किटली, झाकणावर ओलं फडकं घट्ट बांधलेलं.

“काय हाय त्यात, आई?” नागेंद्रने विचारलं.

“ताक. जयाच्या म्हशीचं. व्याह्यांस्नी. जपून चालीव, सांडंल.”

मालुबाईने सकाळपासून चहाही घेतला नव्हता. तोंडाला चव नाही म्हणत ती लवंग चघळत होती.

कोल्हापूर मागे पडलं. पंपामागून पंप गेले. शेवटी पूर्णिमाला राहवेना.

“अवं, हितंच टाकूया की थोडं.”

नागेंद्र बायकोवर उखडला. “महाराष्ट्रात डिझेल टाकू? हितली माणसं दूधगंगेचा पूल ओलांडून आपल्या कर्नाटकात स्वस्तातलं टाकाय येत्यात, आन् मी हितं टाकू? गावात कळलं तर हसतील.”

“किती जाती रं, दिवा लागल्यावर?” मालुबाईने विचारलं. कालही जेवताना तिने हेच विचारलं होतं.

“पन्नास किलोमीटर. माझी गाडी हाय, मला ठावं न्हाय? शियेपतोरचं आन् त्या चोराच्या गवताचं मिळून दहा धर. चाळीस ऱ्हायलं. पूल पस्तिसावर.”

“मग झालं,” म्हणून मालुबाई स्वस्थ बसली.

कागल गेलं. दूधगंगेचा पूल समोर दिसायला लागला आणि जीपने दोन आचके दिले. मग ती निमूट रस्त्याच्या कडेला थांबली. पुलापलीकडच्या पंपाची पाटी तिथून वाचता येत होती. सव्वाअकरा झाले होते.

“वडाप मिळंल. जाऊया,” पूर्णिमा मागून येणाऱ्या भरलेल्या प्रवासी जीपकडे बघत म्हणाली.

“सुपारीला वडापनं? दारात गाडी असणारी माणसं आपण!”

एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून तो पलीकडे गेला आणि कॅन भरून आणला. डिझेल ओतलं. चावी फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं.

“एअर धरली असंल,” मालुबाई आतूनच म्हणाली. “आपल्या मळ्यातल्या इंजिनाला बी धरायची. कोरडं पडलं की लवकर सोडत न्हाय.”

नागेंद्र बॉनेट उघडून डिझेलच्या नळीतली हवा काढायला हातपंप मारत बसला. डोक्यावर ऊन, नवा सदरा काळा झालेला. मारता मारता त्याने सायराजला पुन्हा फोन केला आणि सगळ्या वाहतुकीला ऐकू जाईल असं सुनावलं. माझ्या लेकीचं वाटोळं केलंस, माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही, म्हणाला. पलीकडून सायराज रडवेल्या आवाजात एकच सांगत होता, टाकलं होतं मामा, पाच लिटर टाकलं होतं.

बारा वीसला चुलत्यांचा फोन आला. ते चिडलेही नाहीत, हेच नागेंद्रला जास्त झोंबलं. “ऱ्हाऊ द्या आता, पाव्हणं. आमची माणसं उठली. ज्यास्नी वेळ पाळता येत न्हाय त्यांच्याशी सोयरीक नगो.”

त्याने फोन खिशात कोंबला. पूर्णिमा पदर तोंडाला लावून रस्त्याकडे बघत राहिली. आत नीलमने आजीच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिची पाठ गदगदत होती.

नागेंद्रचा घसा कोरडा पडला होता. पाण्याची बाटली केव्हाच संपली होती. त्याने मागचं दार उघडलं आणि किटली ओढून घेतली.

“आता कुठलं व्याही आन् कुठलं ताक!” म्हणत त्याने फडकं सोडलं.

मालुबाईने झाकणावर हात ठेवला.

“पिऊ नगंस, बाळा. सायराजानं टाकल्यालं पाच लिटर हाय त्यात.”