आत्याची शिफारस
परदेशातल्या मेडिकल कॉलेजला शिफारसपत्र लागत होतं, म्हणून भाची सेक्टर सहाहून पाटोडीचा डबा घेऊन डॉक्टर आत्याच्या घरी आली. "पोरी, नातेवाइकाचं पत्र चालत नाही, लिहून आहे इथं फॉर्मवर." "मम्मीनं आयडिया देली ना! तू आता रामटेके, मी गजभिये. किसको पता चलेगा?" लग्नानंतर बदललेलं आडनाव माहेरच्या कामी येईल, हे आत्याला सुचलं नव्हतं. तिला हसू आलं. भाचीचा चेहरा मात्र गंभीर होता. "मी नाही लिहत," आत्या म्हणाली. "घरचेच असं करून राहिले तर जाऊ कुठं?" "माह्या वार्डात. उद्यापासून महिनाभर पेशंट सांभाळ. तिथले डॉक्टर साहू पाहतील, पटलं तर लिहितील. आन् तिथं मले आत्या नाही, मॅडम म्हणजो." भाचीनं गाल फुगवून हेल्मेट घातलं. "येते, मॅडम." "आजपासून नको गं," आत्या म्हणेपर्यंत स्कूटी गेटबाहेर गेली होती.