सांगितलेलं दुखणं

डॉक्टरकीच्या परीक्षेत पेशंटचं सोंग घेऊन खाटेवर पडायचं, हे काम तिने स्वतःच्या कॉलेजची फी भरण्यासाठी धरलं होतं. पहाटे बेकरी, मग कॉलेज, मग हे. इथे निदान आडवं तरी व्हायला मिळायचं. आजचं दुखणं तोंडपाठ होतं: पोटात, उजवीकडे, कालपासून.

परीक्षा देणाऱ्या मुलाने नाडी धरली आणि हळूच विचारलं, "झोप लागते का? जेवण होतं वेळेवर?"

"कुठली झोप," ती म्हणाली. "आणि जेवण म्हणाल तर उभ्याउभ्या. डोकं सारखं गरगरतं." मग ती बोलतच राहिली. पोटाचं सांगायचं राहूनच गेलं. त्या बिचाऱ्याचे मार्क गेले.

"अगं, सांगितलंय तेवढंच आजारी पडायचं," परीक्षक बाई वैतागल्या. "जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

"चुकलं, बाई."

पुढची मुलगी आत आली आणि तिचा उतरलेला चेहरा बघून प्रश्नच विसरली. "तुम्हाला खरंच बरं नाहीये का?"

तिने पोटावर हात दाबला.

"बाकी मी ठणठणीत आहे, डॉक्टर. फक्त इथे, उजवीकडे दुखतंय."