पट्ट्या न सोडता

लेकीच्या, पवित्राच्या, चंदगडहून आलेल्या पत्राला मी दहा वर्षं उत्तर दिलं नाही. खरं तर ते फोडलंच नव्हतं. तिच्या लग्नाला मी गेलो नव्हतो. आत बोल लावला असेल, अशी भीती वाटायची.

परवा वाचलं, की इजिप्तच्या ममीच्या पट्ट्या न सोडता स्कॅनमध्ये आतलं सगळं दिसतं. लाजत लाजत पत्र घेऊन कोल्हापुरातल्या स्कॅन सेंटरात गेलो, लेकीचं पत्र न फोडता वाचता येईल का विचारलं.

तिथली बाई हसली. "शाई दिसत न्हाय ह्यात, आजोबा. लेकीचंच हाय न्हवं? फोडा की!"

तिथंच बाकावर बसून फोडलं.

"आप्पा, मुलगी झाली. नाव तुम्हीच ठेवायचं. तुमचं पत्र येईतोवर तिला नुसतं बाळ म्हणतेय."



दहा वर्षांच्या बाळासाठी पोस्टकार्डावर तिच्या आजीचं नाव लिहिलं आणि टपालपेटीत टाकलं.