हत्ती चावला

"हत्ती चावला," असं म्हणून चंद्रभागाबाईंनी पट्टी बांधलेलं बोट पदराखाली घेतलं.

घाटनांदूरच्या त्या अंगणात सगळ्यांच्या नजरा त्या पदराकडं वळल्या. थायलंडला लेकाकडं महिनाभर राहून आलेली बाई येताना काहीतरी घेऊन येणार, हे गावाला माहीत होतं. हत्तीचा चावा घेऊन येईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

"हत्ती चावतो व्हय?" शेजारच्या रतनबाईनं विचारलं.

"तिकडला चावतो."

पोचवायला आलेला लेक, सोमेश्वर, शेजारीच चॉकलेटं वाटत होता.

रतनबाईला राहवलं नाही. तिनं बोट ओढून पट्टी सोडली. मुकादम बिभीषण वाकून बघायला लागले. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा गेल्यावर चंद्रभागाबाई टोळीत अर्धा कोयता झाल्या, पण मोळ्या पुऱ्या कोयत्याएवढ्या बांधायच्या. वीस वर्षांत नखालासुद्धा लागलं नव्हतं. टोळीत नवी बाई आली की बिभीषण तिला आधी चंद्रभागाबाईंचा हात दाखवायचे.

"आरं तिच्या! ह्यो कोयत्याचा घाव हाय," बिभीषण म्हणाले. "चंद्रभागे, तुला कोयता लागला? तुला?"

अंगण हसून हसून लोळलं. बाईही हसल्या. "म्हातारी झाले, मुकादम."

"आता नव्या बायांना मी कुणाचा हात दाखवू?"

बाईंचं हसू तिथंच थांबलं. कोयता कुठं आणि कसा लागला, हे सोमेश्वरला एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याऐवजी त्यानं सगळ्यांना आणखी एकेक चॉकलेट दिलं.

त्यानं थायलंडच्या ऑफिसात सांगून ठेवलं होतं, की गावाकडं आमचा चाळीस एकर ऊस आहे. ऊस होता, हे खरंच होतं. तो दुसऱ्याचा होता, एवढंच सांगायचं राहिलं होतं. आई आली म्हणून मोठे साहेब आणि त्यांच्या मॅडम मायलेकांना कौतुकानं म्हाताऱ्या हत्तींच्या अभयारण्यात घेऊन गेले. तिथं पाहुण्यांनी हत्तींसाठी स्वतः ऊस तोडायचा असतो. वर तिकीट काढून.

"ऊसतोडीचं नाव काढू नको," सोमेश्वरनं गाडीतच आईला बजावलं होतं. "कुणी विचारलं तर सांग, घरी गडी करतात."

साहेबांनी सात घाव घालून एक ऊस पाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोयता चंद्रभागाबाईंच्या हातात आला, आणि सोमेश्वरनं घाईनं साहेबांच्या तोंडाकडं बघितलं. आता आई पदर खोचणार, फड साफ करणार आणि मोळी बांधून डोक्यावर घेणार!

पण बाईंनी कोयता उलटा धरला. साहेबांनी तो सरळ करून दिला. पहिला घाव हवेत गेला. दुसरा बोटावर बसला. मॅडम रुमाल घेऊन धावल्या. "बिचाऱ्या! एवढ्या मोठ्या घरच्या, कधी हातात धरला असेल का?" तेवढ्यात एका हत्तिणीनं साहेबांची टोपी उसासकट खाल्ली आणि सगळे तिच्यामागं पळाले. त्या गोंधळात सोमेश्वरनं हुश्श केलं. आईचा हात नेमका आजच चुकला, नशीब!

अंगणातली माणसं पांगली. "नव्या बायांना कुणाचा हात दाखवू" हे बिभीषण वाटेनंसुद्धा दोघा-तिघांना सांगत गेले. सोमेश्वर खाली बसून आईच्या बोटाला पट्टी गुंडाळायला लागला. त्याला गाठच जमेना.

"आई, तिथं हात कसा चुकला गं तुझा?"

"चुकला न्हाई." चंद्रभागाबाईंनी त्याच्या हातातून पट्टी घेतली आणि दातांनी गाठ मारली. "एका घावात पाडला आसता, तर तुझा चाळीस एकर ऊस गेला आसता की, बाळा."