दुबईहून आलेले मेसेज
जिज्ञासा नोकरीसाठी दुबईला गेली, असं घरजावई भूपेश सांगायचा. मोतीबाईंना लेकीचे मेसेज चॅटवर रोज यायचे, फोन मात्र कधीच नाही. शेवटी त्यांनी गुपचूप पोलिसांत तक्रार केली. त्या दुपारी पोलिसांसाठी नेटवर्क तपासणारी भावना बदलापूरच्या त्यांच्या घरी आली आणि राउटरमधून जाणारा-येणारा डेटा लॅपटॉपवर पकडू लागली. मोतीबाईंनी खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, “बाळा, जेवलीस?” लगेच उत्तर आलं, “हो आई. तू गोळी घेतलीस?” भावनाने पकडलेला डेटा उघडला. उत्तर याच घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून निघालं होतं. “मावशी, दुसरा कॉम्प्युटर कुठेय?” तिने हळूच विचारलं. “वर, भूपेशच्या खोलीत. झोपलाय तो.” भावनाने इन्स्पेक्टरला एसएमएस केला. तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ आली, “आई, खाली कोण आलंय?” मोतीबाईंनी जिन्याकडे पाहिलं, मग लिहिलं, “कोणी नाही.”