शुभ्रा डेअरी चषक

घोटीची मैना चढाईला गेली, कुणालाही हात न लावता सरळ रेषेबाहेर चालत गेली आणि बाद झाली. पुढची चढाई देवळाली कॅम्पच्या योगिनीची. तीही तशीच बाहेर गेली. सातव्या मिनिटाला गुण झाले चौदा-चौदा. पकड एकही नाही.

धनराज शेठ पहिल्या रांगेत कोरा चहा घेत बसले होते. उन्हाळ्यात त्यांच्या डेअरीच्या दुधात पाणी सापडलं. पेपरात फोटो आला. नऊशे घरांपैकी चारशे घरांनी रतीब बंद केला. तेव्हा सून चैताली म्हणाली होती, "पप्पा, महिला कबड्डी भरवा. लोक चषकाचं बोलतील, पाण्याचं विसरतील."

उपांत्य फेरीपर्यंत मुली जीव तोडून खेळल्या. अंतिम सामन्याआधी माईकवरून बक्षिसं जाहीर झाली आणि हे सुरू झालं. मागच्या रांगेत तेच पेपरवाले बसले होते.

"ह्या हरायला का बघतायत?" शेठनी शेजारी बसलेल्या चैतालीला विचारलं.

"दुसरं बक्षीस सायकली आहेत, पप्पा."

"मग? पहिलं त्याहून मोठं आहे. प्रत्येकीला रोज लिटरभर दूध, वर्षभर."

"कुणाचं दूध?"

शेठनी माईकवाल्याला बोलावून घेतलं.

मध्यंतरात बदल जाहीर झाला. विजेत्यांना सायकली, उपविजेत्यांना दूध.

उत्तरार्धात योगिनीला चौघींनी धरलं, तरी ती त्यांना ओढत मधल्या रेषेपर्यंत पोचली. मैनाचं कोपर फुटलं. पंचांची शिट्टी कुणाच्या तरी अंगाखाली गेली. शेवटच्या चढाईत देवळालीने एका गुणाने सामना मारला. पेपरवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते. "जिल्ह्यात असा सामना झाला नाही," एकाने लिहूनही घेतलं. चार महिन्यांनी शेठ पहिल्यांदा ताठ बसले.

मैना मैदानातच बसून रडत होती. शेठ चहाचा ग्लास घेऊनच तिच्याकडे गेले. मागोमाग कॅमेरे गेले.

"पोरी, खेळात हार-जीत चालायचीच."

"हरल्याचं काय नाय, शेठ." मैनाने डोळे पुसले आणि त्यांच्या ग्लासाकडे बघितलं. "घरी लेकरू हाय. त्याला कोरा चहा चालत नाय."